सरांची फसलेली संयुगे

डॉ. दिगंबर सोनखेडकर सरांनी कोणतेही औषध शोधलेले नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे मला पहिल्याच वाक्यात लिहावे लागत आहे. त्याचे कारण आधी सांगते.

पंचाहत्तरीच्या समारंभाची बातमी वर्तमानपत्रात आली. ‘भांगेपासून वेदनाशामक शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचा गौरव’ असा तिचा मथळा होता. ती वाचून बजाजनगरचे एक गृहस्थ कात्रण खिशात घालून सरांच्या गारखेड्यातील घरी आले. कारखान्यातली पाळी संपवून थेट आले होते, अंगावर कामाचेच कपडे होते. ग्रंथाची मुद्रिते तपासण्यासाठी मी तिथेच बसले होते. त्या गृहस्थांच्या पत्नीच्या पायांची मधुमेहामुळे आग होत होती.

“सर, थोडंच द्या. आठ दिवसाचं. गुण आला तर पुन्हा येतो.”

“माझ्याकडं औषध नाही हो,” सर म्हणाले.

“छापून आलंय की.”

“ते चुकीचं छापलंय.”

गृहस्थ हसले. मोठी माणसे सरळ नाही म्हणत नाहीत, फिरवून बोलतात, असे त्यांना वाटले असावे. “पुण्या-मुंबईच्या लोकांनाच द्यायचं असंल तर तसं सांगा, सर.”

तेवढ्यात कुसुमवहिनी आतून आल्या. सरांच्या पत्नी. त्यांनाही मधुमेह आहे. “भाऊ, असतं तर मला नसतं का दिलं? हे बघा माझे पाय. रात्रंदिवस आग. घरात शास्त्रज्ञ आहे आणि मी गार पाण्याच्या टबात पाय घालून बसते.”

गृहस्थांनी वाकून वहिनींचे पाय पाहिले. मग त्यांनी वहिनींना, कोणते डॉक्टर बघतात, चपला कोणत्या घालता, असे दोन-चार प्रश्न विचारले आणि चहा घेऊन गेले. सर त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. परत आल्यावर खुर्चीत बसेनात. खिडकीशी जायचे, पुन्हा दाराशी यायचे.

“बाई, हा माणूस येऊन विचारून तरी गेला. न विचारता विश्वास ठेवणारे किती असतील? तुम्ही लिहा. काय झालं होतं ते लिहा.”

ग्रंथ छपाईला जायला थोडेच दिवस उरले आहेत. गौरव समितीचे सचिव श्री. बोराडे यांचा प्रास्ताविक लेख जुळवून झाला आहे आणि त्यातही सरांनी औषध शोधल्याचे तेच वाक्य आहे. शिवाय दुसरीही एक निकड आहे. आमच्या रसायनशास्त्र विभागाची जुनी इमारत पाडायची आहे. सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभरात तयार केलेल्या संयुगांच्या कुप्या तिथल्या लोखंडी कपाटात आहेत. त्या कोणीतरी घेऊन गेले नाही तर घातक कचऱ्याबरोबर भट्टीत जाणार. म्हणून हा लेख घाईचा आहे. शैली शोधत बसायला मला वेळ नाही.

सरांची माझी पहिली ओळख तशी कटकटीचीच झाली. मी एम.एस्सी. होऊन प्रात्यक्षिकांसाठी निदर्शक म्हणून विभागात रुजू झाले होते. सर नुकतेच परगावचे संशोधन संपवून परतले होते. त्यांनी माझ्या हातात एक पांढरी पूड दिली आणि वितळणबिंदू काढायला सांगितले. पुस्तकातल्या आकड्याशी तो जुळेना. मी तसे सांगितले. सर म्हणाले, पुन्हा काढा. पुन्हा काढला. जुळत नाही म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी तेच सांगितले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. “जुळतो म्हणा आणि मोकळ्या व्हा.” मी सरांकडे जाऊन म्हणाले, “जुळत नाही, आणि आता चौथ्यांदा मी काढणार नाही.” सरांनी पूड परत घेतली. ती त्यांनी स्वतःच बनवलेली होती. “मग मी चुकलोय,” एवढेच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कामात मला घेतले.

त्यांचे काम काय होते ते सोप्या शब्दांत सांगते. भांग आणि गांजाच्या झाडातील काही द्रव्ये माणसावर परिणाम करतात, कारण आपल्या पेशींवर त्यांना धरून ठेवणाऱ्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. झाडासाठी म्हणून त्या जागा आपल्या शरीरात नाहीत. शरीर स्वतःही तशा प्रकारची द्रव्ये तयार करते, त्यांच्यासाठी त्या आहेत. त्यांतील एका प्रकारचे ग्राही मेंदूत दाट असतात. नशा येते ती तिथून. दुसऱ्या प्रकारचे मुख्यतः शरीराच्या संरक्षक पेशींवर असतात. सरांना असे संयुग हवे होते, जे दुसऱ्यालाच धरेल आणि मेंदूच्या वाटेला जाणार नाही. वेदना कमी व्हावी, पण डोके ताळ्यावर राहावे. झाड आमच्या प्रयोगशाळेत कधी आले नाही. सगळे काही काचेच्या भांड्यांत, साध्या रसायनांपासून जोडत जायचे. लोकांना मात्र ‘भांगेवर संशोधन’ एवढेच ऐकू यायचे. होळीच्या सुमारास प्राचार्यांच्या दालनातूनसुद्धा विचारणा व्हायची, “सर, यंदा प्रसाद मिळणार का?” सरांना त्याचे हसू येत नसे. मलाही येत नसे.

त्यांच्या कामाच्या दोन पद्धती होत्या. पहिली, निकामी ठरलेले संयुगही चांगल्याच्या शेजारीच ठेवायचे, तेवढ्याच नीट. दुसरी, कोणाच्याही हातून चांगला निकाल आला तर दुसऱ्या माणसाने ते संयुग पहिल्यापासून पुन्हा बनवायचे. बनवून झाल्याशिवाय बाहेर एक अक्षर बोलायचे नाही. याला आम्ही ‘दुसरा हात’ म्हणायचो.

आता त्या दुष्काळाच्या वर्षाकडे येते.

शहर वाढत होते. वाळूजकडे कारखाने, गारखेड्याच्या शेतांत वसाहती, आणि पाणी मात्र तेवढेच. त्या वर्षी नळाला किती दिवसांनी पाणी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत मात्र वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळ्यांतून सतत नळाचे पाणी वाहते ठेवावे लागे आणि ते गटारात जाई. एका दुपारी सर खिडकीशी उभे होते. कुंपणापलीकडे बायका टँकरची वाट बघत भांडी मांडून बसल्या होत्या. आमचे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत नालीतून चालले होते. एक म्हातारी त्या नालीत लोटा बुडवून बघत होती, पाणी घेण्यासारखे आहे का ते.

सर वळले आणि एकामागून एक सगळे नळ बंद करत गेले. चालू प्रयोगही थांबवले.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवर घरच्या कूलरचा पंप घेऊन आले. प्रयोगशाळा परिचर शेषराव यांनी एक पिंप आणले. पिंपातले पाणी पंपाने नळ्यांतून फिरवायचे आणि पुन्हा पिंपातच सोडायचे. थेंबही वाया जाणार नव्हता.

“आन् सर, घरी वहिनीसायबाचा कूलर?” शेषरावांनी विचारले.

“कूलरला टाकायला पाणी तरी कुठंय?”

“व्हय, ते बी खरंच. म्हंजे पंपाची इथं बदली झाली म्हना. पगार कुठून काढायचा त्याचा?”

त्या उन्हाळ्यात सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी रुबीना शेख एक संयुग बनवत होती. ती खुलताबादची. वडिलांचे दर्ग्याच्या वाटेवर छोटे दुकान होते. घराण्यात एवढे शिकलेली ती पहिलीच. तिच्या संयुगाच्या चाचणीचा निकाल आला आणि विभागात पळापळ झाली. उंदरांची वेदना उतरली होती, आणि उंदीर सुस्त न पडता पिंजऱ्यात नेहमीसारखे फिरत होते. आम्ही इतकी वर्षे जे शोधत होतो ते हेच होते.

सरांनी कोणाला काही सांगितले नाही. पण विभागाला भिंती असल्या तरी तोंडेही असतात. प्राचार्य पेढे घेऊन आले. एका औषध कंपनीची माणसे दोनदा येऊन गेली. खुलताबादला रुबीनाच्या वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की, मुलीने दवा शोधली.

सर मला म्हणाले, “बाई, दुसरा हात तुमचा.”

पाऊस पडून नळ सुरू झाले होते. मी तीच कृती, त्याच क्रमाने, वाहत्या गार पाण्यावर केली. संयुग स्वच्छ निघाले. चाचणीत मात्र काहीच नाही. वेदना जशीच्या तशी. मी पुन्हा केले. तेच. विभागात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे रुबीनाने आकडे रंगवले, कोणी म्हणे माझा हात वाईट. रुबीना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही खरं सांगा. मैंने झूठ लिखा, असं तुम्हाला वाटतं?”

“मला काही वाटत नाही. तू कसं केलंस ते मला करून दाखव. जसं तेव्हा केलं तसंच. पंप लाव.”

पंप लावला. दुपारपर्यंत पिंपातले पाणी कोमट झाले, आणि तेव्हा तर श्रावण होता. वैशाखात, प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली, ते किती तापले असेल? सर पिंपात हात घालून उभे राहिले. आधी त्यांच्याच लक्षात आले. पाणी गार नसेल तर वाफ नळीत थांबत नाही, निसटून जाते. द्रावक कमी होत जातो, भांड्यातले मिश्रण नको तितके तापते आणि रेणूचा काही भाग वळून दुसराच होतो. रुबीनाच्या कुपीत दोन पदार्थ होते. तपासणीच्या आलेखात त्याची बारीकशी खूण होतीही. ती द्रावकाची असावी असे सगळ्यांनी धरले होते, सरांनीही. वेगळा काढून पाहिला तेव्हा तो दुसरा पदार्थ मेंदूतल्या ग्राहींना धरणारा, नशा आणणाऱ्या कुळातलाच निघाला. वेदना त्यानेच उतरवली होती; मात्रा कमी होती म्हणून उंदीर सुस्त झाले नव्हते, इतकेच. मात्रा वाढवल्यावर ते कोपऱ्यात जाऊन बसले. आमचा शोध म्हणजे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट होती.

प्राचार्यांनी सरांना सुचवले की एवढ्यात बोलू नये. कंपनीचा करार होऊ द्यावा, पुढे सुधारणा करता येईल. सर त्यांच्यासमोर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, “सुधारणा कशाची? नसलेल्या गोष्टीची?” त्या हिवाळ्यात विद्यापीठातल्या परिषदेत त्यांनी व्यासपीठावरून सगळे सांगितले. कुठेही ‘विद्यार्थिनीच्या हातून’ असा शब्द नव्हता. “पाणी वाचवायला पंप मी लावला. तापमान मी बघितलं नाही. चूक माझी आहे.” मागच्या रांगेतून कोणीतरी “कूलरवाले सर!” असे ओरडले आणि सभागृह हसले. हे नाव त्यांना पुढे बरीच वर्षे चिकटले होते. विभागाला मिळणारे पुढचे अनुदान नाकारले गेले. कंपनीची माणसे पुन्हा आली नाहीत.

रुबीना मात्र मोडली होती. सामान बांधून निरोप घ्यायलाच आली. “सर, अब मेरेसे नहीं होता. अब्बूंनी सगळ्या गावात सांगून ठेवलंय. मी घरी काय तोंड दाखवू?”

सर म्हणाले, “प्रबंध बदलू. हे का घडलं, तोच तुझा विषय. तापमान वाढलं की रेणू कुठं वळतो, किती वळतो, सगळं मोज. हे अजून कोणी नीट मांडलेलं नाही.”

“फेल्युअरवर पीएच.डी. कोण देतं, सर?”

“खरं लिहिलं तर देतात. नाही दिली तर मी भांडतो.”

आणि पुढच्या रविवारी सर बसने खुलताबादला गेले. मला बरोबर नेले होते. दुकानात गिऱ्हाइके होती, त्यांच्यासमोरच त्यांनी रुबीनाच्या वडिलांना सांगितले, “दवा नाही निघाली. गलती माझी. पण तुमची मुलगी खरं काम करते, तिला थांबवू नका.” शेख साहेबांनी बराच वेळ तराजू पुसला. मग म्हणाले, “प्रोफेसर साब, आप इतनी दूर ये बोलने आये? फिर तो लडकी सही जगा पे है.” रुबीनाचा प्रबंध उशिरा झाला, पण झाला. आज ती दुसऱ्या शहरातील एका संशोधन संस्थेत स्वतःचा गट चालवते.

यानंतर आमच्या विभागात एक रीत पडली. उन्हाळ्यात जे बनेल ते पावसाळ्यात दुसऱ्या हाताने पुन्हा बनवायचे. मुले कुरकुर करत. सर ऐकत नसत. ऐकणे हा त्यांचा गुण कधीच नव्हता, हेही गौरवग्रंथात असू द्यावे. मतभेद झाला की ते येरझाऱ्या घालत आणि समोरच्याला बोलू देत नसत. आमची कित्येक भांडणे अशीच अर्धी राहिली आहेत.

त्यांची माया मात्र अशीच, न बोलता असायची. माझी आई गेली तेव्हा मी रजेवर होते. सांत्वनाला सर आले नाहीत, याचा मला राग आला होता. परत आले तर माझ्या प्रात्यक्षिकाच्या सगळ्या तुकड्या त्यांनी घेतलेल्या. इतके कडक गुण दिले होते की मुलांनी दारातच घेरले. “मॅडम, प्लीज आता रजा घेऊ नका.”

दुष्काळ पुन्हा आले. शहर चारी बाजूंनी वाढत राहिले, नावही बदलले. सर संयुगे बनवत राहिले. एकही जसे हवे तसे निघाले नाही. प्रत्येक वेळी त्यांनी ते तसेच छापले.

म्हणून इथवर लिहून झाल्यावर प्रास्ताविकातल्या त्या वाक्यासाठी मी बोराडे यांना फोन केला. तेही सरांचेच विद्यार्थी, वाळूजला त्यांचा कारखाना आहे, आणि सरांवर त्यांचे प्रेम आहे यात मला शंका नाही.

“मॅडम, लोकांना एवढं बारीक कुठं कळतं? औषध म्हटलं की मान मिळतो. आणि ती रुबीनाची कुपी आहे ना, तेवढी मला द्या. काचेच्या पेटीत ठेवू, झेंडूची माळ घालू. बाकीच्या टाकून दिल्या तरी चालतील.”

“बोराडे, त्या कुपीत नशेचा पदार्थ आहे. माळ घालून ठेवलीत तर पाहुण्यांच्या आधी पोलीस येतील.”

 ते हळूच म्हणाले, “मग सरांचं म्हणून दाखवायचं काय, मॅडम?”

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी रुबीनाला फोन लावून तोच प्रश्न विचारला. तिने सांगितले ते बोराडेंना मी जसेच्या तसे ऐकवले. हल्ली ग्राहींचे आकार उकलले आहेत. कोणते संयुग बसेल याचा अंदाज संगणक बांधतो. “पण मॅडम, मशीनला नुसतं ‘हो’ शिकवून काय फायदा? ‘नाही’ पण लागतं. आणि ‘नाही’ कोण सांभाळून ठेवतं? सगळे फेकतात. सरांकडं पूर्ण कपाट आहे, हरेक कुपी पक्की. मला एक नको. पूर्ण द्या, नाहीतर राहू द्या. वेगळं केलं तर त्याचा अर्थच जातो.”

बोराडे दुसऱ्या दिवशी स्वतः गारखेड्याला आले. बजाजनगरच्या गृहस्थांची हकिकत वहिनींनी त्यांना सांगितली, पाय टबात ठेवूनच. बोराडेंनी मुद्रिते मागून घेतली आणि ते वाक्य पेनाने खोडले. कपाट उचलायला कारखान्याचा टेम्पोही त्यांनीच पाठवला. कुप्या थरथरू नयेत म्हणून स्वतः चालकाशेजारी बसले.

सरांना मी काय इच्छू? रुबीनाच्या हाताखालची मुले आता एकेक कुपी उघडतील. त्यांना शेकडो शंका येतील आणि बऱ्याच गोष्टींची उत्तरे फक्त सरांना ठाऊक आहेत. म्हणून त्यांची स्मरणशक्ती आणि कान शाबूत राहावेत, येरझाऱ्या घालण्याइतके गुडघे धड राहावेत. वहिनींच्या पायांना कोणाच्या का हातून असेना, आराम पडावा आणि तो बघायला सर जवळ असावेत. शंभरी गाठावी असे म्हणायची पद्धत आहे. मी म्हणते, त्यांनी शंभरी गाठावी आणि आमची अर्धी राहिलेली भांडणे पूर्ण करावीत. मलाही तोपर्यंत टिकावे लागेल, त्याला इलाज नाही.

आज सकाळी जुन्या प्रयोगशाळेत जे सुपूर्द केले त्याची नोंद:

संयुगांच्या कुप्या, लोखंडी कपाटासह, सर्व. जमलेल्या आणि फसलेल्या वेगळ्या केलेल्या नाहीत. क्रम सरांनी लावला तोच.

तपासणीचे आलेख, गठ्ठे बांधून, कुप्यांच्या क्रमाने.

दुष्काळातल्या उन्हाळ्याची कुपी, स्वतंत्र डब्यात, मोहोरबंद, घेणाऱ्या संस्थेच्या परवान्याच्या प्रतीसह. या कुपीवरची जुनी चिठ्ठी फिकट झाल्याने सरांनी समक्ष नवी लिहून चिकटवली. मजकूर: ‘मिश्र. विश्वास ठेवू नये. पुन्हा करून पाहावे.’

देणार: दिगंबर सोनखेडकर. घेणार: रुबीना शेख. शेषराव व बोराडे समक्ष हजर.

रात्री रुबीनाचा निरोप आला: एकही कुपी फुटलेली नाही. सर्व पोचले.